पथ्याची वही

आपल्याकडे औषध म्हटले की त्यापाठोपाठ पथ्य आलेच. वैद्याने पुडी हातात ठेवली आणि काय खाऊ नये ते सांगितले नाही, तर रोग्याला, आणि त्याहूनही अधिक त्याच्या घरच्या मंडळींना, काहीतरी चुकल्यासारखे वाटते. तेल, तिखट, आंबट आणि वांगे एवढे तरी वर्ज्य झाल्यावाचून उपचाराला गांभीर्य येत नाही, अशी आपली पिढ्यान् पिढ्यांची समजूत आहे. या समजुतीला मी हसत नाही. आपण जे तोंडात घालतो त्याचा औषधावर परिणाम होऊ शकतो, हे तिच्यामागचे तत्त्व खरेच आहे. परंतु तत्त्व खरे असले म्हणजे त्यावरून केलेली यादीही खरी असते असे नाही. आज ज्या औषधांविषयी मला बोलायचे आहे ती एचआयव्हीच्या संसर्गावरची आहेत. आणि त्यांच्या बाबतीत ही यादी चुकली तर काय होते, ते मी थोडे जवळून पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी नेमणुकीवर होतो. आमच्या कार्यालयातील एक ज्येष्ठ लिपिक एके दिवशी संध्याकाळी, इतर मंडळी घरी गेल्यावर, माझ्या खोलीत आले. “साहेब, थोडे खाजगी बोलायचे होते,” असे म्हणून ते बराच वेळ उभेच राहिले. शेवटी खुर्चीवर बसून त्यांनी सांगितले ते असे, की नऊ-दहा वर्षे ते एचआयव्हीची औषधे घेत आहेत. कार्यालयात कोणालाही याची कल्पना नव्हती, आणि ती देण्यास ते बांधीलही नव्हते. आता मात्र त्यांना पुढील तीन महिने दर महिन्याला एक दिवस रजा हवी होती. रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजण्याच्या तपासणीत इतकी वर्षे दबून असलेला विषाणू पुन्हा डोके वर काढताना दिसला होता, आणि उपचार केंद्राने त्यांना समुपदेशनासाठी दरमहा बोलाविले होते. रजेचे कारण काय लिहावे, हा त्यांचा प्रश्न होता. “खाजगी काम” एवढेच लिहा, असे मी म्हणालो. रजेचा प्रश्न तेथेच मिटला. पण ते उठले नाहीत. “साहेब, गोळी मी एक दिवस चुकवलेली नाही. आणि पथ्यात तर माझी तिळभरही कसूर नाही हो,” असे म्हणून त्यांनी पिशवीतून एक एकरेघी वही काढून माझ्यापुढे ठेवली.

त्यांचे नाव-गाव मी अर्थातच सांगत नाही. हकीकत सांगण्याची अनुमती मात्र त्यांनी दिलेली आहे.

ती वही म्हणजे एका निष्णात लिपिकाचे काम होते. तीन रकाने आखलेले: अनुक्रमांक, वर्ज्य वस्तू आणि कोणाकडून कळले. नोंदी चाळीसच्या आसपास होत्या. लसूण, दूध, दही, अंडी, पपई, लिंबू, द्राक्षे, शिळा भात. आणि खाद्यपदार्थ संपल्यावर अंगाला लावावयाच्या वस्तू: खोबरेल, हळदीचा लेप, कोरफडीचा गर, सुवासिक साबण, जस्ताचे गुलाबी लोशन. तिसऱ्या रकान्यात शेजारी होते, मेहुणे होते, आगगाडीतील एक सहप्रवासी होता आणि भ्रमणध्वनीवर फिरत आलेले संदेशही होते. या सर्वांना त्यांनी आपला रोग सांगितला होता काय? मुळीच नाही. ते एवढेच विचारीत, “गोळ्या जरा कडक चालू आहेत, काय चालत नाही?” मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळते. कोणी मधुमेहाचे पथ्य सांगितले, कोणी काविळीचे, कोणी मूळव्याधीचे. आणि या गृहस्थांनी ते सारे एका वहीत आणून स्वतःवर लादले होते.

या औषधांच्या बाबतीत खाण्यापिण्याचा प्रश्न इतका महत्त्वाचा का व्हावा, ते आधी पाहू. आज आपल्या देशातील सरकारी केंद्रांतून बहुसंख्य प्रौढ रुग्णांना मिळते ती दिवसाकाठची एकच गोळी. तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधे एकत्र असतात. ती विषाणूचा समूळ नाश करीत नाही. त्याची वाढ रोखून धरते. ती नियमाने घेणारा माणूस इतरांसारखाच दीर्घकाळ जगू शकतो. रक्तात विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदारास होत नाही, हेही आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. पण या साऱ्याला एक अट आहे. औषधाची रक्तातील पातळी विशिष्ट मर्यादेच्या खाली जाता कामा नये. पुराच्या पाण्याला बांध घातला असता बांधाची उंची जशी सर्वत्र सारखी लागते, तसेच हे आहे. एखाद्या ठिकाणी बांध खचला की पाणी तेथूनच शिरते. आणि अपुऱ्या औषधात वाढलेला विषाणू त्या औषधाला जुमानेनासा होतो. म्हणून ही पातळी खाली आणणारा पदार्थ कोणता आणि न आणणारा कोणता, हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो.

वहीतील पुष्कळ नोंदी अगदीच हवेतून आलेल्या नव्हत्या. प्रत्येकीच्या मुळाशी कोठेतरी, कोणत्यातरी औषधासंबंधी, एखादे सत्य होते. प्रवासात त्याचे रूप पालटले होते इतकेच. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धती रूढ झाली, त्या वेळी इंडिनाव्हिर नावाचे औषध दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावे लागे. पाणी कमी पडल्यास मूतखडा होई. उलट सॅक्विनाव्हिर हे औषध भरल्या पोटीच घ्यावे लागे. १ एप्रिल २००४ रोजी आपल्याकडे सरकारी रुग्णालयांतून ही औषधे विनामूल्य मिळू लागली, त्यानंतर पुष्कळ वर्षे वापरात असलेले एफाव्हिरेन्झ हे रात्री निजताना, स्निग्ध जेवण टाळून घेण्याचे होते. आमच्या लिपिक महाशयांचे आरंभीचे औषध हेच. औषध बदलले, पण जुने नियम मनात तसेच राहिले.

लसणाचीही कथा अशीच. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लसणाच्या गोळ्या तीन आठवडे घेणाऱ्या निरोगी व्यक्तींच्या रक्तातील सॅक्विनाव्हिरचे प्रमाण निम्म्यावर आले. पण त्या लसणाच्या अर्काच्या गोळ्या होत्या, आमटीच्या फोडणीतल्या चार पाकळ्या नव्हेत. आणि ते औषधही आमच्या या गृहस्थांनी कधी घेतले नव्हते. त्याच संस्थेने २००० साली सेंट जॉन्स वर्ट या युरोपीय वनस्पतीचा इंडिनाव्हिरवर होणारा परिणाम दाखविला होता. तेथे औषधाचे प्रमाण सत्तावन्न टक्क्यांनी घटले. ही वनस्पती उदासीनतेवरील निरुपद्रवी झाडपाला म्हणून विकली जाते. ती यकृतातील विकरांना, म्हणजे औषधे मोडून टाकणाऱ्या एन्झाइमांना, इतकी चेतविते की औषध आपले काम करण्याआधीच नाहीसे होते. तिचा हा दोष डोल्युटेग्रॅव्हिरलाही बाधतो. झाडपाला तेवढा निर्धोक, ही समजूत यावरून तपासून घ्यावी.

आणि द्राक्षे? येथे मात्र मला हसू आवरले नाही. डेव्हिड बेली या कॅनडातील संशोधकाने १९८९ साली असे दाखविले, की ग्रेपफ्रूट नावाच्या फळाच्या रसाने रक्तदाबावरील एका औषधाचे रक्तातील प्रमाण अनपेक्षितपणे वाढते. खरे म्हणजे प्रयोग मद्याचा होता; मद्याची चव झाकण्यासाठी रस वापरला होता, आणि गुन्हेगार निघाला तो रसच. हे फळ आपल्या पपनसाचे जवळचे आप्त. द्राक्षाशी त्याचा सुतराम संबंध नाही. एचआयव्हीच्या काही जुन्या औषधांवरही त्याचा परिणाम होई. पण इंग्रजी नावातील पहिले अक्षर पकडून कोणा भाषांतरकाराने संदेशात द्राक्षे लिहिली, आणि या गृहस्थांनी तीन हंगाम द्राक्षाला हात लावला नाही.

मी वैद्यकाचा अभ्यासक नव्हे. माझी पदवी वाङ्मयाची आणि पोटापाण्याचा धंदा सरकारी कागदांचा. म्हणून मी त्यांना एवढेच सुचविले, की ही वही समुपदेशकांना दाखवा. आणि नुसती वही नको, घरात जे जे पोटात जाते आणि अंगाला लागते ते सारे एका पिशवीत घालून न्या. “ते हसतील,” असे ते म्हणाले. “हसले तर हसू द्या,” मी म्हणालो, “पण न्या.”

ते गेले. कोणी हसले नाही. समुपदेशिकाबाई आणि डॉक्टर यांनी वही शेवटपर्यंत वाचली, आणि चाळीसपैकी जवळजवळ सर्व नोंदींवर काट मारली. लसूण, अंडी, पपई, लिंबू, दही: सर्व चालेल. दूधही चालेल. गोळी उपाशीपोटी घेतली काय किंवा जेवणाबरोबर घेतली काय, दोन्ही सारखेच. अडचण निघाली ती पिशवीतून. वहीत ज्यांचे नावही नव्हते अशा तीन वस्तू त्यांनी टेबलावर वेगळ्या काढून ठेवल्या.

पहिली वस्तू, पोटातील जळजळ शमविणारे पातळ औषध. गोळी उष्ण पडते म्हणून हे गृहस्थ रोज रात्री गोळीवर लगेच दोन चमचे हे औषध घेत. त्यात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांची संयुगे होती. डोल्युटेग्रॅव्हिरचा गुण असा, की आतड्यात अशी धातुद्रव्ये भेटली की ते त्यांना घट्ट बिलगते. आणि ही जोडी आतड्याच्या भिंतीतून रक्तात जाऊ शकत नाही. निरोगी व्यक्तींवरील अभ्यासात, दोन्ही एकाच वेळी दिली असता रक्तात पोहोचणारे डोल्युटेग्रॅव्हिर चौऱ्याहत्तर टक्क्यांनी घटलेले आढळले आहे. म्हणजे रुपयातील चार आणेच पदरात पडावयाचे. यावरचा उपाय अगदी साधा आहे: असे आम्लनाशक घ्यायचेच असेल तर एचआयव्हीची गोळी त्याच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तास घ्यावी.

दुसरी वस्तू, गुडघेदुखीसाठी दिलेली कॅल्शियमची गोळी. हिचीही जात तीच, आणि लोहाच्या गोळीचीही तीच. उपाशीपोटी एकत्र घेतल्यास कॅल्शियममुळे औषध एकोणचाळीस टक्क्यांनी आणि लोहामुळे चोपन्न टक्क्यांनी कमी पोहोचते. परंतु दोन्ही जेवणाबरोबर एकत्र घेतली तर हा तोटा राहत नाही. गर्भवती स्त्रियांना आपल्याकडे लोह आणि कॅल्शियम या दोन्ही गोळ्या दिल्या जातात. त्यांच्यापैकी जिला एचआयव्हीचीही गोळी घ्यावयाची आहे, तिच्या बाबतीत या एका वाक्याचे मोल दोन जिवांचे आहे. लोह बंद करावयाचे नाही, एचआयव्हीची गोळी तर मुळीच नाही. एक तर त्या जेवणासोबत घ्याव्यात, नाही तर वेळा दूर ठेवाव्यात. आयुर्वेदातील शंखभस्मात कॅल्शियम असते आणि मंडूरभस्मात लोह. म्हणून ती घेणाऱ्यांनीही हे आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावे.

तिसरी वस्तू होती गजकर्णावरचे मलम, आणि येथून आपण त्वचेकडे वळतो. त्वचा ही मोठी खबरदार पहारेकरीण आहे. खोबरेल, हळदीचा लेप, कोरफडीचा गर, साबण यांतील जे काही आत झिरपते ते इतके अल्प असते की गोळीच्या वाटेला ते जात नाही. जस्ताचे उदाहरण बोलके आहे. जस्ताची गोळी पोटात गेली तर तिने कॅल्शियमसारखाच अडथळा करावा. तेच जस्त लोशनच्या रूपाने पाठीवर चोपडले तर त्याची आणि औषधाची गाठच पडत नाही. पदार्थ कोणता, एवढेच विचारून भागत नाही. तो औषधाला कोठे भेटतो, हे विचारावे लागते.

मात्र या पहारेकरणीला चुकवून आत जाणारे काही पदार्थ आहेत, आणि त्यांतील मुख्य म्हणजे स्टेरॉइड. गजकर्णावर म्हणून दुकानातून सहज आणलेल्या कितीतरी मलमांत, आणि गोरेपणाच्या नावाखाली चेहऱ्याला लावल्या जाणाऱ्या काही क्रीममध्येही, क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन यांसारखी जबर स्टेरॉइडे असतात. शरीरात शिरलेले स्टेरॉइड यकृतातील विकर मोडून टाकतात. परंतु ज्या रुग्णांना दुसऱ्या फळीची औषधे चालू आहेत, त्यांच्या गोळ्यांत बहुधा रिटोनाव्हिर असते. आणि या औषधाचे कामच मुळी त्या विकराला थोपवून धरण्याचे आहे. मग शिरलेले स्टेरॉइड मोडले जात नाही, साचत जाते. दम्यासाठी किंवा नाकातील ॲलर्जीसाठी फ्लुटिकासोनचा फवारा घेणाऱ्या अशा रुग्णांचा चेहरा गोल सुजल्यासारखा होणे, अंगावर चरबी चढणे आणि त्यांच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी पडणे, असे प्रकार नोंदले गेले आहेत. मलमाने हे क्वचित होईल. पण जबर मलम, मोठ्या भागावर, दीर्घकाळ लावले तर धोका उरतोच. आमच्या लिपिक महाशयांच्या गोळीत रिटोनाव्हिर नव्हते, म्हणून त्यांच्यापुरते हे संकट टळले होते; तथापि स्टेरॉइडने गजकर्ण वरवर दबते आणि आत पसरते, म्हणून डॉक्टरांनी ते मलम बंद करून दुसरे दिले.

गोरेपणाच्या क्रीमविषयी आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. काही क्रीममध्ये पारा असतो आणि तो त्वचेतून शरीरात जातो. केरळमधील कोट्टक्कल येथील मूत्रपिंडतज्ज्ञांनी २०२१ ते २०२३ या काळात अशा क्रीम वापरणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा विकार आढळल्याचे नोंदविले आहे. टेनोफोव्हिर हे औषध मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते आणि काहींच्या मूत्रपिंडावर त्याचा ताण येतो. म्हणून तर केंद्रावर वेळोवेळी मूत्रपिंडाची तपासणी करतात. ज्या गड्याच्या पाठीवर आधीच एक ओझे आहे, त्याच्या माथी केवळ रंग उजळावा म्हणून दुसरे ओझे देण्यात शहाणपण नाही.

पिशवी रिकामी झाली. तेव्हा समुपदेशिकाबाईंनी सहज विचारले, “काका, उपास करता का?” आणि उरलेला उलगडा झाला. सोमवार, दोन्ही एकादश्या आणि संकष्टी. कधीकाळी कोणीतरी “गोळी जेवणानंतर घ्या” असे सांगितले होते. उपासाला जेवण नाही, म्हणून गोळीही नाही. महिन्याकाठी सहा-सात खाडे! शंभरात पंचाण्णव मात्रा तरी वेळेवर गेल्या पाहिजेत, असा या उपचाराचा दंडक आहे. आणि तरीही “मी गोळी एक दिवस चुकवलेली नाही” हे त्यांचे बोलणे खोटे नव्हते. त्यांच्या लेखी ते चुकविणे नव्हतेच. तो उपास होता, तेही पथ्यच होते.

हे ऐकून मी अंतर्मुख झालो. हा मनुष्य आळशी नव्हता, बेफिकीर नव्हता. चाळीस गोष्टी सोडण्याइतका निग्रह त्याच्याजवळ होता. त्याला एकच गोष्ट करता आली नव्हती, ती म्हणजे योग्य माणसाला रोगाचे नाव घेऊन प्रश्न विचारणे. त्याच्या रक्तातील बांध लसणाने खचला नव्हता. तो संकोचाने खचला होता. हा संकोच त्याने एकट्याने निर्माण केला नव्हता. तुम्ही-आम्ही, त्याचे सहकारी आणि साहेब, या सर्वांचा त्यात वाटा होता. २०१७ साली संसदेने केलेला आणि सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला कायदा सांगतो, की अशा व्यक्तीला नोकरीत, शिक्षणात वा उपचारात भेदभावाने वागविता येणार नाही आणि तिच्या संमतीवाचून तिची स्थिती उघड करता येणार नाही. कायदा दार उघडून देतो. पण उंबरठा ओलांडावा असे त्या माणसाला वाटले पाहिजे, आणि ते वाटू देणे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती असते.

अन्नाविषयीचा गैरसमज एकट्यादुकट्याचाच असतो असे नव्हे. तो राज्यकर्त्यांचाही असू शकतो. या शतकाच्या आरंभी दक्षिण आफ्रिकेच्या तत्कालीन आरोग्यमंत्री लसूण, बीट आणि लिंबू यांचा एचआयव्हीवरचा उपाय म्हणून पुरस्कार करीत होत्या, आणि २००६ साली टोरोंटो येथील जागतिक परिषदेत त्या देशाच्या दालनात हे पदार्थ मांडलेही होते. औषधे देण्यात झालेल्या दिरंगाईने २००० ते २००५ या काळात तेथे तीन लाखांहून अधिक माणसे दगावली, असा हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांचा २००८ सालचा अंदाज आहे. लसूण वाईट नव्हता, बीटही वाईट नव्हते. ती औषधाच्या जागी बसविली गेली, हे वाईट झाले.

म्हणून पथ्याच्या नव्या वहीत माझ्या मते चारच ओळी असाव्यात. गोळी रोज, ठरल्या वेळी, उपासाच्या दिवशीसुद्धा. आपल्या गोळीत कोणती औषधे आहेत त्यांची नावे पाठ असावीत, कारण एका गोळीचा नियम दुसरीला लागू पडत नाही. पोटात जाणारी प्रत्येक गोळी, काढा, भस्म आणि आम्लनाशक, तसेच अंगाला लावावयाचे प्रत्येक मलम, केंद्रावर दाखवावे. मधुमेहाच्या किंवा क्षयाच्या औषधांबाबत तर विशेषच, कारण मेटफॉर्मिनची मात्रा मर्यादेत ठेवावी लागते आणि क्षयावरील रिफाम्पिसिनबरोबर डोल्युटेग्रॅव्हिरची मात्रा वाढवावी लागते. आणि चौथी ओळ: शंका आली तर विचारावे, विचारीपर्यंत गोळी मात्र बंद करू नये.

पुढे तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला होता. आमचे लिपिक महाशय त्या दिवशी संध्याकाळी, मंडळी निघून गेल्यावर, पुन्हा माझ्या खोलीत आले. रजेचा अर्ज त्यांच्याजवळ नव्हता आणि वहीही नव्हती. त्यांनी टेबलावर कागदाचा एक पुडा ठेवला. आत द्राक्षे होती.